शालिकरामच्या मोठ्या बाई

अकोटात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तानुबाईंची पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तानुबाईंना ओरडून बोलायची सवय लागली आणि गिरणी बंद असली तरी ती सुटली नाही. भाजीत मीठ कमी पडलं हे त्या घरात नवऱ्याला सांगत आणि चार घरं पलीकडची बाई आपल्या भाजीची चव घेऊन बघे. अंगानं आडव्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि सकाळची दळणं आटोपेपर्यंत पापण्यांसकट पांढऱ्या. नवीन सुना त्यांना घाबरत. जुन्यांना माहीत होतं की ही बाई गरिबाच्या दळणाला आधी हात घालते आणि वर शिव्याही देते.

नवरा शालिकराम मात्र अगदी उलट. उंच, सडपातळ, टक्कल पडलेला, बोलायला मऊ. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. बिघडलेल्या मशीनला कान लावून तो ऐकत बसे आणि माणसांशीही तसाच वागे. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते त्याला बरोबर कळे आणि तो तेवढंच बोले. त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. गल्लीत त्याची कीर्ती चांगली होती. बायका म्हणत, तानुबाईनं पुण्य केलं म्हणून असा नवरा मिळाला.

त्यांना एक मुलगी होती, रुख्मिणी. दुसरीत असताना एका पावसाळ्यात तिच्या डोक्यात ताप चढला. अकोल्याला नेली, पण ती परत आली नाही. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. तानुबाईंना वाटे, नाव काढलं तर हा माणूस मोडून पडेल. शालिकरामला वाटे, नाव काढलं तर ही मोडून पडेल. तानुबाईंचा आवाज आणखी चढला, शालिकराम आणखी मऊ झाला, आणि लोक म्हणाले, चला, सावरले बिचारे.

मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडले, एकेक जिनिंग बंद झालं, आणि जिथं सरकीचे ढीग लागत तिथं बकऱ्या चरू लागल्या. गिरणीत येणारे डबेही लहान झाले. शालिकरामला अकोटात काम उरलं नाही. अमरावतीत मात्र तेव्हा कोचिंग क्लास पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि दिवसातून कितीतरी वेळ लाईट जात होती. प्रत्येक क्लासला जनरेटर होता आणि प्रत्येक जनरेटर बिघडत होता. शालिकराम तिकडे गेला, खोली केली, आणि पंधरा दिवसांनी एकदा रविवारी घरी येऊ लागला.

तो येई तो धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांत. तानुबाई हाजराबीला कौतुकानं सांगत, “शहरात राहून माणूस निरा सुधरला पाहाय. आंधी अंगाले ग्रीस लागलं तरी पुसत नोता.” हाजराबी म्हणजे गिरणीला लागून असलेल्या बांगड्यांच्या दुकानाची मालकीण, तानुबाईंची जिवाभावाची. शालिकराम येताना लिंबाचं लोणचंही आणी. खानावळवाल्या बाईनं दिलं, म्हणे. लोणचं इतकं चांगलं असे की तानुबाई त्या बाईला मनापासून दुवा देत.

एका दिवाळीनंतरच्या सकाळी, गिरणी भर रंगात असताना, दारात एक तिशीतली बाई उभी राहिली. खांद्याशी टॉवेलात गुंडाळलेलं तान्हं बाळ, हातात पिशवी. ती काहीतरी म्हणाली.

“डबा ठेव अन बस,” तानुबाई ओरडल्या. “चार जणी आंधी हायेत!”

“डबा नाही, पोरगी हाय!” ती बाई ओरडली.

“मंग पोरगी घेऊन मांगं सरक! पट्ट्यात पदर जाईन!”

ती मागं सरकली नाही. पुढं आली आणि बाळासकट वाकून तिनं तानुबाईंच्या पायांना हात लावला. तानुबाईंनी गोंधळून बटण बंद केलं. पट्टा सुस्कारत थांबला आणि गल्लीत एकदम शांतता पडली. पण त्या बाईचा आवाज काही खाली आला नाही. ती तानुबाईंच्या कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडली, “मोठ्या बाई, मी चंदा! अमरावतीहून आली! शालिकरामची बायको!”

बाजूच्या दुकानात हाजराबी एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवत होती. ती बांगडी अंगठ्यापाशीच थांबली.

“कोणाची?” तानुबाई म्हणाल्या.

चंदाला वाटलं, ऐकू गेलं नाही. “शालिकरामची!” तिनं आवाज आणखी चढवला. “तुमच्या भावाची! मी तुमची भावजय!”

“एवढ्या मोठ्यानं काहून बोलून राह्यली? मले ऐकू येते.”

चंदा चपापली. “त्याइनं सांगतलं, तुमी ठार बहिऱ्या हा.”

“अजून काय सांगतलं?”

“का तुमाले पाहुणे चालत नाही. अंगावर धावता म्हणे. म्हून मी एवढे दिस आली नाही, बाई. पण बारसं आत्याशिवाय कसं करू? ते म्हणते, बाईची तब्येत बरी नाही, दुसऱ्या कोणाकडून करू. मी म्हणलं, नाही. सख्खी आत्या जित्ती असताना पोरीच्या कानात दुसरी काहून बोलन? म्हून न सांगता आली.” आणि तिनं बाळ सरळ तानुबाईंच्या हातात दिलं.

आता इथं दुसऱ्या कुणी बाईनं आकाशपाताळ एक केलं असतं. तानुबाईही करणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण हातात बाळ होतं, आणि बाळाला पीठ लागू नये म्हणून त्या हात लांब धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की दळणाच्या चारही बाया श्वास धरून बघताहेत. त्या म्हणाल्या, “घरात चाल. चहा घेऊ.” हाजराबीनं गिऱ्हाइकाला अर्धी बांगडी घातलेल्या हातानिशी सोडलं आणि साखरेची वाटी घेऊन मागोमाग घुसली.

चहा होता होता चंदानं आपली सगळी हकीकत सांगितली. माहेर भातकुलीकडचं. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला. अमरावतीत क्लासच्या पोरांसाठी ती खानावळ चालवायची. शालिकराम तिथं जेवायला येई. गरीब, मऊ बोलणारा, एकटा माणूस. देवळात हार घातले.

“एकटा?” तानुबाईंनी विचारलं. “त्याची पह्यली बायको...”

“बिचारी,” चंदा म्हणाली आणि तिनं खरोखर पदर डोळ्यांना लावला. “टायफाइडनं गेली. तुमाले तर ठाऊकच हाय. त्याइनं लय सेवा केली म्हणे. पाय दाबत बसत.”

“पाय? यानं?”

“मी तिले मानते, बाई. अखजीले पितरांचं जेवण करतो ना, तवा तिच्या नावानं ताट वाढत असते. पुरणाची पोळी, त्यावर तूप. तिले पुरण लय आवडे म्हणून.”

“तिले पुरण आवडत नोतं,” तानुबाई म्हणाल्या. “तिले ठेचा लागे. पुरण त्यालेच आवडते. ते ताट मंग कोण खाई?”

“तेच खात. म्हणत, वाया कायले घालवा.”

हाजराबीला ठसका लागला. तिनं पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं. तानुबाईंच्याही ओठाचा कोपरा हलला. स्वतःच्या श्राद्धाची हकीकत अशी समोर बसून ऐकायला किती जणांना मिळते? बशीत चहा ओतत त्यांनी सहज विचारलं, “पोरीचं नाव काय ठरवलं?”

“त्याइनंच ठरवलं. रुख्मिणी.”

तानुबाईंनी बशी खाली ठेवली. बाळ हाजराबीच्या मांडीवर दिलं, उठल्या, गिरणीत गेल्या आणि बटण दाबलं. वरच्या पेटीत दाणा नव्हता. रिकामी गिरणी कधी फिरवू नये, दगड दगडाला खातो, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत आल्या होत्या. आता गिरणी रिकामी घरघरत होती आणि तिच्या आवाजाआड तानुबाई काय करत होत्या ते कुणाला ऐकू आलं नाही. हाजराबीला कळलं. तिनं चंदाला उठू दिलं नाही. “रुक बेटा,” ती म्हणाली, “तिले थोडं काम हाय.”

तानुबाई परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण कानाशी ओलं पीठ चिकटलं होतं.

“बारसं येत्या आइतवारी ठेव,” त्या म्हणाल्या. “मी येतो. फक्त शालिकरामले सांगू नको. भावाले जरा खुशी होऊ दे.”

नाव घेतलं! हाजराबीनं चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं तानुबाईंच्या तोंडून ‘हे’ आणि ‘रुखीचे बाबा’ याशिवाय काही ऐकलं नव्हतं, आणि शेवटची काही वर्षं तर नुसतं ‘हे’.

चंदा गेल्यावर हाजराबी कडाडली, “अगे, मुंह में दही जमा था क्या? सांगितलं काहून नाही? झिपऱ्या पकडून बाहेर काढायची होती!”

“कोणाच्या झिपऱ्या? तिच्या?” तानुबाई म्हणाल्या. “तिनं बिचारीनं मी मेल्यावर लगन केलं. मी जित्ती हाय, हा तिचा दोष हाय का?”

“मग उसके पकड.”

“त्याले केसच कोठी उरले?”

रविवारी दोघी दर्यापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत बसल्या. हाजराबीनं बाळासाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या घेतल्या होत्या. भांडण झालं तर हाताशी असावी म्हणून छत्रीही घेतली होती. ऊन होतं. तानुबाई खिडकीपाशी बसून सराव करत होत्या. मोठी बहीण भावाला ‘अहो’ म्हणत नाही. तिनं त्याला नावानं आणि ‘तू’ म्हणूनच हाक मारायला हवी. चंदासमोर नाव गेलं होतं ते रागाच्या भरात. आता ठरवून घ्यायचं म्हणजे जीभ टाळूला चिकटत होती.

“शा...” त्या पुटपुटल्या. “शालि...”

कंडक्टर तिकिटाला आला. त्याला वाटलं, बाई गावाचं नाव विसरल्या. “सावळी म्हणता का, मावशी? ही गाडी तिकडं नाही जात.”

“अमरावती,” हाजराबी म्हणाली. “दोन. इसका आदमी का नाम है, निकलता नहीं.”

दर्यापूरपर्यंत ‘शालिक’ जमलं. अमरावतीच्या अलीकडे ‘शालक्या’सुद्धा निघालं, आणि तानुबाई स्वतःशीच हसल्या.

खानावळीतली बाकं भिंतीला लावून मधोमध पाळणा टांगला होता. फुगे होते. क्लासची पोरं फुकट जेवण म्हणून आधीच येऊन बसली होती, शेजारच्या बाया नटून आल्या होत्या. शालिकराम नव्या सदऱ्यात पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होता. दारात त्याला आधी हाजराबी दिसली आणि तिच्यामागून तानुबाई. ताट कललं. पेढे एकेक करून घरंगळले.

“मोठ्या बाई आल्या!” चंदा आनंदानं ओरडली. “पाहा, मी तुमाले मुद्दाम सांगतलं नोतं!”

तानुबाई दारातच थांबल्या. सगळे बघत होते. त्यांनी एक श्वास घेतला आणि गिरणी चालू असल्याच्या आवाजात म्हणाल्या, “काय रे शालक्या! बहिणीच्या पाया पडाची रीत विसरला का?”

शालिकराम त्यांच्याकडे बघत राहिला. मग चंदाकडे. मग दाराकडे, पण दारात छत्रीसकट हाजराबी होती. तो पुढं आला आणि वाकला. तानुबाईंनी त्याच्या टकलावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

“उदंड आयुष्य लाभो,” त्या सावकाश म्हणाल्या. “खरं बोलाची बुद्धी येवो. खाल्लेलं पचो. पुरण जास्तीच खाल्लं असन तर तेही पचो.”

वाकलेला माणूस लाल होत गेला. शेजारच्या बाया म्हणाल्या, बघा, किती जीव आहे भावावर.

मग तानुबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांचं आत्यापण सुरू झालं. शालक्या, पाणी आण. शालक्या, हाजराबीले चांगली खुर्ची दे. शालक्या, पंखा इकडं फिरव. शालक्या, ते पेढे उचल, मुंग्या लागतीन. इतक्या वर्षांत हा माणूस घरात पाण्याचा पेला उचलून घेत नव्हता. आता तो खानावळभर पळत होता आणि नकार देण्याची सोय त्याची त्यानंच मोडून ठेवली होती. नाव जिभेवर इतकं रुळलं की तानुबाई काम नसतानाही हाक मारून बघू लागल्या. “शालक्या!” “काय?” “काही नाही.”

पाण्याच्या ड्रमापाशी तो त्यांच्याजवळ सरकला. “तानु,” तो कुजबुजला, “काय लावलं हे?”

“बाई म्हण.”

“अव पण...”

“बाई म्हण. नाहीतर चंदाले सांगतो, अखजीचं ताट अठीच आण, मेलेली बाई जेवाले बसली हाय.”

“बाई,” शालिकराम म्हणाला.

इथपर्यंत सगळं तानुबाईंच्या मनासारखं चाललं होतं. येताना त्यांनी ठरवलं होतं की माणसाला चांगला घुसळून काढायचा, बाळाच्या कानात दुसरंच काहीतरी नाव सांगायचं, घरी यायचं, आणि मग पुढचं बघायचं. चंदाला सत्य कसं नि कधी सांगायचं याचा विचारच केला नव्हता.

बाया पाळण्याभोवती जमल्या. चंदानं बाळ ठेवलं. तानुबाई वाकल्या. बाळ जागं होतं. नाक शालिकरामचं होतं, आणि ते नाक त्यांनी एकदा आधी पाहिलं होतं, असंच, पाळण्यात, खालून वर बघणारं. पाठीमागून शालिकराम हळूच म्हणाला, “रुख्मिणी, बाई. नाव रुख्मिणी.”

तानुबाई सरळ उभ्या राहिल्या.

“ते नाव दिलेलं हाय,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला हाजराबीनंही कधी ऐकला नव्हता. “ते एका पोरीचं हाय. दुसरीत होती. तिले गाजर आवडत नसे अन ‘ळ’ लिहिता येत नसे. ती गेली म्हणून नाव मोकळं झालं, असं होत नाही.”

“कोणाची पोरगी, मोठ्या बाई?” चंदानं विचारलं.

“माही.” मग त्यांनी शालिकरामकडे हात लांब केला. “अन याची.”

सर्वांत आधी येऊन बसलेल्या पोरानं तोंडातला पेढा चावायचा थांबवला. चंदा तानुबाईंकडे बघत होती, मग शालिकरामकडे, मग पुन्हा तानुबाईंकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत गेलेली दिसत होती.

“म्हणजे टायफाइड...” ती म्हणाली.

“मले कदीच झाला नाही. मलेरिया झाल्ता एकदा. तवा पाय हाजराबीनं दाबले.”

“म्हणजे तुमी मेल्या नाही.”

“अजून तरी नाही, बाई.”

चंदा बाकावर बसली. मग म्हणाली, “लोणचं मी तुमाले म्हणून पाठवत होती. नणंदेले.”

“भल्लं चांगलं होतं,” तानुबाई म्हणाल्या, आणि दोघींना एकदमच रडू आलं.

दोघींनी डोळे पुसून पाहिलं तर शालिकराम नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दारानं निघून गेला होता. घाईत एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात क्लासच्या एका पोराचा बूट घातला होता. तो पोरगा पुढं कितीतरी दिवस त्या बुटाची चौकशी करत होता.

पाळण्यात बाळ कुरकुरू लागलं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. बारसं झालं की मोडलं हे कुणालाच कळेना. तेव्हा तानुबाई चंदापाशी बसल्या. “पोरगी बिननावाची राह्यली,” त्या म्हणाल्या. “तुले कोणतं आवडते?”

हे चंदाला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि खिडकीतून समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे मुलींचं एक होस्टेल होतं आणि त्याच्या पाटीवर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘मयुरी’ लिहिलं होतं. “पोळ्या लाटताना रोज दिसते,” ती म्हणाली. “अक्षर चांगलं वाटते.”

तानुबाई पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात ‘मयुरी’ सांगितलं आणि कुर्रर्र केलं. रीतीप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. हाजराबीचा धपाटा सर्वांत जोराचा होता. झिपऱ्या न पकडल्याचा सगळा राग तिनं त्यात काढला. मग सगळे जेवले. स्वयंपाक झालेला होता, तो काय करायचा?

त्या दिवशी तानुबाई चंदाकडेच मुक्कामाला राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोटला पोचल्या तर शालिकराम गिरणीच्या ओट्यावर बसलेला. घराची किल्ली तानुबाईंच्या कमरेला होती. त्याच्या पायांत अजून तोच जोड.

त्यांनी घराचं नाही, गिरणीचं कुलूप काढलं. “सरक शालक्या, गिऱ्हाइकाची जागा हाय.”

“तानु, माहं चुकलं.”

“दळण हाय का?”

“अव, मी आता कोठी जाऊ?”

“दोन घरं होती तुही,” तानुबाई म्हणाल्या. “एखांदं सापडन.” आणि बटण दाबलं.

चंदानंही त्याला दारात उभं केलं नाही. शेवटी अकोटातल्या एका बंद जिनिंगच्या चौकीदारानं ओळखीनं त्याला एक खोली दिली आणि शालिकराम पंप, मोटारी दुरुस्त करू लागला. मयुरीच्या दुधा-औषधाचं त्यानंच बघायचं, असं दोघींनी त्याला निरोप पाठवून कळवलं, आणि तो बघत राहिला. अकोटच्या बायांनी त्याला सोडलं नाही. रस्त्यात भेटला की विचारत, “काय शालिकभाऊ, बहीण बरी हाय ना?” पीठ लागे तेव्हा तो डबा घेऊन येई आणि मुकाट नंबर लावी. तानुबाई त्याचं दळण नीट, बारीक दळून देत. ‘अहो’ मात्र परत आलं नाही.

या दोन बायांचं लगेच जमलं असं समजू नका. महिनाभरानं चंदाचा फोन हाजराबीच्या दुकानात आला आणि ती कडाडून भांडली. “तुमाले पह्यल्याच दिवशी ठाऊक होतं. मले एकटीले सांगाचं होतं. माह्या घरात, माह्या गिऱ्हाइकांसमोर तुमी माहा तमाशा केला.” तानुबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. उत्तर तयार होतं, तेही दिलं नाही. म्हणाल्या, “खरं हाय. त्याले छळाच्या नादात तुह्याकडं पाह्यलंच नाही.” त्यानंतर पुन्हा बरेच दिवस फोन नाही. मग उन्हाळ्यात चंदानं विचारलं, खानावळीला ज्वारीचं पीठ अमरावतीत चांगलं मिळत नाही, तुमी पाठवान का? तानुबाई एसटीनं पीठ पाठवू लागल्या. खानावळीचं बघून दुसऱ्या दोन मेसवाल्यांनीही मागितलं. दळायला एक बाई लावावी लागली, आणि मग दर महिन्याला तानुबाई स्वतःच पोती घेऊन अमरावतीला जाऊ लागल्या. काम तासाभराचं असे. त्या दोन दिवस राहत. मयुरी त्यांना आत्या म्हणू लागली. तिला दुसरं काय सांगणार?

तीन-चार वर्षांनी एका पावसाळ्यात शालिकराम मलेरियानं आडवा झाला. हाजराबी पेज पोचवून आली आणि म्हणाली, “वाळून गेला गे.” तानुबाई म्हणाल्या, “मी काय करू?” आणि दुपारी गेल्या.

तो खाटेवर होता. त्या दाराजवळच्या खोक्यावर बसल्या. बाहेर जिनिंगच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं. त्यांनी विचारलं, “तेच नाव कायले देऊन राह्यला होता रे तू?”

शालिकरामनं त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्याला काय ऐकायचं आहे याचा विचार केला नाही. “आपल्या घरात तिचं नाव कोणी घेत नोतं,” तो म्हणाला. “मले हाक माराची होती. नुसती मोठ्यानं हाक. रुखे म्हणून.”

तानुबाई म्हणाल्या, “मले सांगाचं होतं. आपुन दोघांनी मारली असती.”

“तू मोडशीन, वाटलं.”

“मले वाटलं, तू.”

त्या उठल्या, त्याला पेज गरम करून दिली. पाय दाबले नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “बरा झाला की चहाले ये. ओट्यावर. घरात नाही.”

तो बरा झाला आणि गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात, पोरगी गेली त्या तिथीला, शालिकराम ओट्यावर येऊन बसतो. तानुबाई गिरणी बंद ठेवतात. चहा होतो आणि दोघं तिच्याबद्दल बोलतात. ती शाळेतून पाटी हरवून आली होती ते, बकरीला ‘बाई’ म्हणायची ते. गेल्या वर्षी, पोळ्याच्या सणाला तिनं घातलेल्या फ्रॉकवरून जुंपली. तो म्हणाला, निळा होता. त्या म्हणाल्या, हिरवा, मीच शिवला होता. हाजराबीला साक्षीला बोलावलं, तर ती म्हणाली, पिवळा. त्यावर दोघंही तिच्यावर उलटले. चहा निवून गेला तरी फ्रॉकचा रंग ठरला नाही.